जिंकून आलो तरी फुकट रूम का देतात?

या वेळचं पत्र चोपडा तालुक्यातून आलंय. नाव टाकू नका असं सांगितलंय म्हणून नाव नाही. पत्र बरंच मोठं होतं, थोडं आटोपशीर केलंय पण शब्द त्यांचेच ठेवलेत.

"नाना नमस्कार. माझं कृषी केंद्र आहे, खतं, बियाणं, औषधं. वय ४४. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या स्कीममध्ये गोव्याची डीलर टूर लागली, तिथे पहिल्यांदा कॅसिनोच्या बोटीवर गेलो. तेव्हापासून आम्ही तिघं मित्र वर्षातून चार वेळा जातो. एकाची जिनिंग आहे, दुसरा केळीचा व्यापारी. दोन रात्री राहतो, रोज सहा तास तरी खेळ होतो. मी फक्त रूलेट खेळतो, तेही लाल-काळं. जिनिंगवाला अंदर-बाहर खेळतो, केळीवाला बॅकरॅट. आधी मी एका डावाला हजार लावायचो. मग तिथला होस्ट (मोठ्या गिऱ्हाइकांची सरबराई करणारा कॅसिनोचा माणूस) ओळखीचा झाला, तो म्हणाला सर तुमचं ॲव्हरेज थोडं वाढवा, रूमचं मी बघतो. तेव्हापासून ३,००० लावतो आणि रूम फुकट, जेवण फुकट, ड्रिंक फुकट, मडगाव स्टेशनवर घ्यायला गाडी. हिशेब केला तर एका ट्रिपला १८,००० चं फुकटात होतं. दिवाळीनंतरच्या ट्रिपला मी ८०,००० जिंकून आलो. मला वाटलं आता हा काही फोन करणार नाही. उलट चार दिवसांनी त्याचाच फोन, सर जानेवारीत या, ॲव्हरेज ५,००० ठेवा, स्वीट देतो आणि जळगावहून जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट पण आमच्याकडून. जिंकून गेलेल्या माणसाला हे लोक फुकट का देतात हे काही कळत नाही. माझं म्हणणं एवढंच की थोडंफार हरलो तरी फुकटात वसूल होतं. बायको म्हणते फुकटमा कोनी काही देत नही. तिला सगळे आकडे माहीत नाहीत. मागच्या वेळी जाताना दुकानाच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या कर्जाच्या) खात्यातून दीड लाख काढले होते, एका कंपनीचं पेमेंट आठ दिवस लेट झालं, नंतर भरलं. जानेवारीत जाऊ का? आणि त्यांच्याकडून अजून काय काय मागता येईल?"

भाऊ, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही मधेच विचारला आणि पुढे निघून गेलात. जिंकून गेलेल्या माणसाला फुकट का देतात. हे एकदा नीट कळलं ना की जाऊ का, काय मागू, वसूल होतं का, ही सगळी उत्तरं तुम्ही स्वतःच काढाल, कारण तुम्ही दुकानदार आहात आणि हे गणित अस्सल दुकानदारीचं आहे.

आधी एक बघितलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी भाच्याबरोबर पणजीला गेलो होतो, त्याला बघायचं होतं म्हणून मांडवीतल्या एका बोटीवर गेलो. जेट्टीवरून छोट्या बोटीने नेतात तुम्हाला माहीतच आहे. मी खेळलो नाही, एका रूलेटच्या टेबलामागे उभा राहिलो तासभर. एक गृहस्थ आले, कॅसिनोने दिलेलं खेळाडूचं कार्ड ठेवलं. टेबलाच्या मागे सूट घातलेला सुपरवायझर होता, त्याने कार्ड घेतलं, वेळ टाकली, पहिले पाच-सहा डाव नुसतं त्यांच्या हाताकडे बघत राहिला आणि मग एक आकडा टाकला. थोड्या वेळाने गृहस्थांना फोन आला, ते उठून बाहेर गेले, तर याने लगेच वेळ थांबवली, ते परत येऊन बसले की परत सुरू. मधे त्यांना दोन-तीन डाव लागोपाठ लागले, शेजारचे टाळ्या वाजवायला लागले, गृहस्थांचा चेहरा फुलला, पण सुपरवायझरचा चेहरा होता तसाच आणि त्याने टाकलेला आकडाही होता तसाच. मला तेव्हा जरा नवल वाटलं. नंतर कळलं की त्याला फक्त दोन गोष्टी नोंदवायच्या होत्या, माणूस सरासरी किती लावतो आणि किती वेळ बसतो.

होस्ट तुम्हाला ज्याला ॲव्हरेज म्हणतो ना, ते हेच. हे दोन आकडे, त्यात टेबलावर तासाला किती डाव होतात तो तिसरा, आणि त्या खेळात घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा किती टक्के तो चौथा. चारही आकड्यांचा गुणाकार केला की जे येतं त्याला कॅसिनोची माणसं थिओ म्हणतात, म्हणजे या गिऱ्हाइकाकडून हिशेबाने किती मिळायला पाहिजे ती रक्कम. तुम्ही त्या रात्री खरंच किती हरलात किंवा जिंकलात ते पण लिहून ठेवतात, मोठं हरलात तर परत यावं म्हणून होस्ट हात थोडा सैलही सोडतो, पण रूम-जेवण-गाडीचा मुख्य हिशेब या थिओवर चालतो. त्यातले साधारण २० ते ४० टक्के तुम्हाला फुकटच्या रूपात परत मिळतात, बाकीचे त्यांचे. तुम्ही ८०,००० जिंकलात तरी थिओ बदलत नाही म्हणून होस्टचा फोन आला. तुमच्या जिंकण्याने त्यांच्या वहीत तुमचं नाव खोडलं गेलेलं नाहीये.

आता तुमचा आकडा काढू.

रूलेटच्या चाकात ३७ घरं, १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य, गोळी ज्या घरात थांबते ते लागलं. समजा तुम्ही सगळ्याच्या सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले, म्हणजे ३,७०० टाकले. एक घर लागणारच. त्याचे ३५ पट म्हणजे ३,५०० आणि तुमचे लावलेले १००, असे ३,६०० परत आले. काहीही लागलं तरी ३,६०० च. ते जे शंभर कमी आले ना ते कॅसिनोचे, ३७ मधला एक भाग म्हणजे २.७ टक्के. लाल-काळ्यावर लावलं (लागलं तर लावले तेवढेच वर मिळतात) तरी तेवढंच, कारण शून्य आलं की लाल पण गेलं आणि काळं पण गेलं. (चाकात दोन शून्यं असतील तर घरं ३८ होतात आणि घराचा वाटा ५.२६ टक्के, जवळजवळ दुप्पट, त्यामुळे बसण्याआधी चाक बघत जा.)

आता इथे बहुतेक जण फसतात आणि मला वाटतं तुम्ही पण इथेच फसलात. माणूस म्हणतो मी एक लाख घेऊन गेलो, त्याचे २.७ टक्के म्हणजे २,७००, आणि मला मिळालं १८,००० चं, मग फायदाच की. पण घराचा वाटा तुम्ही नेलेल्या पैशावर नसतो, लावलेल्या पैशावर असतो, प्रत्येक डावाला. दुकानाचंच घ्या ना. पाच लाखांचा माल भरला, विकला, त्याच पैशाचा परत भरला, असा वर्षात सहा वेळा फिरवला तर धंदा ३० लाखांचा झाला आणि मार्जिन ३० लाखांवर मिळालं, पाच लाखांवर नाही. कॅसिनोत तुमचे पैसे असेच फिरतात, फक्त मार्जिन समोरच्याचं. टेबल भरलेलं असेल तर तासाला ३५ डाव धरा, बारा तासांत ४२० डाव. ४२० गुणिले ३,००० म्हणजे १२ लाख ६० हजार. हो, बारा लाख साठ हजार रुपये तुम्ही एका ट्रिपला लावता, तेच तेच पैसे फिरून फिरून. त्याचे २.७ टक्के ३४,००० च्या वर जातात. हा तुमचा थिओ. एक ट्रिप, ३४,०००. वर्षाला चार ट्रिपचे १ लाख ३६ हजार.

आणि तुम्हाला मिळालं १८,००० चं.

त्या १८,००० बद्दल पण बोलायला पाहिजे, कारण तो आकडा तुम्ही मेनूकार्ड आणि रूमच्या भावावरून काढलाय. जी रूम तशीही रिकामी राहिली असती ती तुम्हाला दिली तर त्यांना खर्च काय येतो, चादर धुण्याचा आणि साबणाचा. दारूचा पेग कार्डावर ज्या भावाचा असतो त्या भावात त्यांना पडत नाही. बुफे तर लागलेलाच असतो. त्यांना ते सगळं दहा-एक हजारात पडत असेल, आणि तुम्हाला ते १८,००० वाटतं. यातली खरी मेख वेगळीच आहे, तुम्ही स्वतःच्या पैशाने गेला असता तर त्या रूममध्ये राहिला असता का? हजार-हजार लावायचो तेव्हा तुम्ही कुठे उतरायचात ते आठवा. एखाद्या दोन हजारवाल्या लॉजवर झोपत असाल तर तुमच्यासाठी त्या फुकट रूमची किंमत रात्रीला दोन हजारच, कारण तुमचे तेवढेच वाचले. बाकीचं तुम्ही एरवी विकतच घेतलं नसतं.

आता होस्टने तुम्हाला जे सांगितलं त्याचा हिशेब बघा, मला याचाच सगळ्यात जास्त राग आलाय. हजार लावायचात तेव्हा तुमचा थिओ ११,००० च्या थोडा वर होता. ३,००० केलं तेव्हा ३४,०००. म्हणजे रूम फुकट मिळावी म्हणून तुम्ही अंदाजे २२,७०० जास्तीचे टेबलावर ठेवायला लागलात. आता तो म्हणतो ५,००० करा, स्वीट आणि तिकीट घ्या. ५,००० ने थिओ होतो ५६,७००, परत २२,७०० ने वाढ. स्वीटचा फरक आणि जाण्या-येण्याचं एका माणसाचं तिकीट मिळून काय होईल, बारा हजार धरा, पंधरा धरा. बावीस देऊन पंधरा घ्यायचे आणि वरून थँक यू सर म्हणायचं. तुमच्या काउंटरवर एखादा सेल्समन हा भाव घेऊन आला असता तर तुम्ही त्याला चहा पण पाजला नसता.

आणि भाऊ, हे तुम्हाला नवीन नाहीये हो. तुम्ही पहिल्यांदा गोव्याला गेलात तेच मुळात कंपनीच्या स्कीमवर ना? इतके टन उचला, टूर घ्या. ती टूर कंपनीच्या साहेबांच्या पगारातून येत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, ती त्या मालाच्या भावातच बसवलेली असते, आणि सीझनच्या शेवटी टार्गेटला थोडं कमी पडतंय म्हणून नको असलेला माल उचलून गोडाऊनला पाडून ठेवलेले डीलर तुम्ही पण पाहिले असतील. स्कीमसाठी माल उचलणं आणि रूमसाठी ॲव्हरेज वाढवणं यात मला काहीच फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढा की गोडाऊनमधलं खत पुढच्या सीझनला विकता तरी येतं.

आता तुम्ही म्हणाल, नाना हे सगळं कागदावर ठीक आहे पण मी जिंकलो ना ८०,०००. जिंकलात, खरं आहे, आणि त्यात कुठे काही गडबड नव्हती. ४२० डावांत नशीब इकडे तिकडे चांगलंच हलतं, तुमच्या ३,००० च्या हिशेबाने ६०,००० इकडे किंवा ६०,००० तिकडे हे अगदी नेहमीचं. म्हणून दहा ट्रिपपैकी जवळपास तीन ट्रिपला माणूस जिंकून घरी येतो. या तीन ट्रिपच माणसाच्या डोक्यात बसतात, त्याच तो पारावर सांगतो. पण डाव वाढत गेले की ते हलणं घराच्या वाट्यापुढे कमी पडत जातं. तुमच्यासारखे शंभर जण वर्षभर चार ट्रिप असंच खेळले तर वर्षाच्या शेवटी तेरा-चौदा जण फायद्यात असतील. तेच शंभर जण तीन वर्षं खेळले, बारा ट्रिप, तर फायद्यात उरतील तीनच्या आसपास. आणि सगळ्यांचं मिळून सरासरी काढलं तर माणशी चार लाखांच्या वर गेलेले असतील. होस्टला घाई नाहीये कारण त्याला हे माहीत आहे. तुम्ही कोणत्या ट्रिपला जिंकाल ते त्याला सांगता येत नाही आणि सांगायची गरजही नाही, तुम्ही परत आलात की त्याचं काम झालं.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) पत्ते खेळतात, माझे वडील पण वर्षातून तेवढे दोन दिवस बसायचे. त्या डावात चौघं बसले तर एकाचे गेले ते दुसऱ्याकडे आले, पैसा त्या सतरंजीवरच फिरतो, नाल (डावातून काढायचा हिस्सा) काढणारा कोणी नसेल तर संध्याकाळी चौघांची बेरीज सकाळएवढीच. आणि आखाजी झाली की सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) ठरतात, माणसं शेताच्या कामाला लागतात, डाव बंद. कॅसिनोत नाल प्रत्येक डावाला निघते, ती दिसत नाही कारण कोणी तुमच्यासमोर हात पुढे करून मागत नाही, आणि तिथे आखाजी वर्षाचे ३६५ दिवस असते.

मित्रांचं थोडक्यात सांगतो. केळीवाल्या भाऊंच्या बॅकरॅटमध्ये बँकरच्या बाजूवर लावलं तर घराचा वाटा १.०६ टक्के, रूलेटपेक्षा कमी, पण तिथे डाव भराभर होतात, तासाला ७० सहज, त्यामुळे तेवढ्याच पैशाने तेवढाच वेळ खेळले तर त्यांचेही २६-२७ हजार हिशेबाने जातात. टायवर (दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर) लावत असतील तर त्यांना आजच सांगा की बंद करा, तिथे घराचा वाटा १४ टक्क्यांच्या वर आहे. जिनिंगवाल्या भाऊंच्या अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते, म्हणून त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात, आणि दुसरीवर पूर्ण देतात. घराचा वाटा एकीकडे दोनच्या थोडा वर, दुसरीकडे तीन. बाजू कोणतीही घ्या, नाल द्यावीच लागते.

एंट्रीच्या पॅकेजमध्ये ते एकदाच खेळता येणारे कूपन देतात ते पण जमेला धरत असाल तर निम्म्याने धरा. पाच हजारांचं कूपन लाल-काळ्यावर लावलं तर ते जिंको किंवा हरो कूपन त्यांच्याकडे जमा होतं, फक्त जिंकलं तर पाच हजार मिळतात, म्हणजे त्याची खरी किंमत २,४०० च्या आसपास.

तुम्ही विचारलंत अजून काय मागता येईल. एक खरं उदाहरण आहे, अमेरिकेतलं. डॉन जॉन्सन नावाच्या माणसाने २०११ च्या सुमारास अटलांटिक सिटीतल्या तीन कॅसिनोंकडून काही महिन्यांत मिळून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले, ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळावर. त्याने रूम आणि जेवणावर समाधान मानलं नाही. धंदा मंद होता, कॅसिनोंना मोठी गिऱ्हाइकं हवी होती, तेव्हा याने बसायच्या आधीच वाटाघाट केली की मी हरलो तर हरलेल्या रकमेवर २० टक्के सूट द्यायची, आणि खेळाचे नियम पण आपल्या बाजूने वळवून घेतले, इतके की घराचा वाटा जवळपास उरलाच नाही. हा माणूस घोड्यांच्या शर्यतीच्या गणिताचाच धंदा करायचा आणि एका डावाला लाख डॉलरपर्यंत लावायचा. म्हणजे फुकटातून खरंच फायदा काढायचा तर तो रोख सुटीत आणि नियमांत असतो, आणि ते मागायची ताकद तीन-पाच हजार लावणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्याकडे नाही. आपल्याला स्वीट मिळतो. म्हणून माझं मत मागाल तर काहीच मागू नका. तुम्ही जेवढं एरवी खेळला असता तेवढंच खेळून कार्डावर काही मिळालं तर जरूर घ्या, ते तुमच्याच पैशातून परत आलेलं आहे, सोडायचं कारण नाही. पण ते मिळावं म्हणून एक रुपया किंवा एक तास सुद्धा वाढवू नका. होस्ट म्हणतो रूमसाठी अजून दोन तास बसावं लागेल, तर ते दोन तास तुम्हाला ३,००० च्या हिशेबाने साडेपाच हजाराला पडतात, त्यापेक्षा रूमचं बिल भरा आणि झोपा.

टॅक्सचं पण तुमच्या वसुलीच्या हिशेबात कुठे दिसलं नाही. जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर आहे, तुमचा स्लॅब कोणताही असो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. ८०,००० चं तुमच्या सीएंना सांगितलंय का? शिवाय चिप्स (पैशाऐवजी खेळायच्या चकत्या) घेताना भरलेल्या पैशावर जीएसटी आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. मी वर काढलेल्या ३४,००० मध्ये यातलं काहीही धरलेलं नाहीये. कायद्याचं म्हणाल तर गोव्यात जुगाराच्या १९७६ च्या कायद्यात ९२ आणि ९६ साली बदल करून पंचतारांकित हॉटेलात आणि बोटीवर परवानगी दिली, त्यामुळे तिथे खेळणं गुन्हा नाही. आपल्या महाराष्ट्रात पण १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. आणि होस्टने कधी मोबाईलवर खेळायची लिंक पाठवली तर हात लावू नका, पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणलीये.

आता सीसी खात्याचं. हे वाक्य तुम्ही पत्रात शेवटी शेवटी लिहिलंत, पण मी ते वाचून पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी भुसावळ आणि अमळनेरला, आणि दुकानं बसताना मी बघितलीत. दुकान तोट्याने एकदम बसत नाही. आधी सीसीतून दुसऱ्याच कामाला पैसे निघतात, मग एका कंपनीचं पेमेंट आठ दिवस लेट, मग कॅश डिस्काउंट जातो, मग ती कंपनी माल क्रेडिटवर द्यायला कां-कू करते, मग ऐन खरिपात कपाशीचं बियाणं शेजारच्या दुकानात असतं आणि तुमच्याकडे नसतं, आणि शेतकरी एकदा तिकडे वळला की तो खत-औषध पण तिकडूनच घेतो. त्या दीड लाखावर तुम्ही व्याज पण भरलंय, ते १८,००० मधून वजा केलंत का? ज्या पैशावर बँकेचा हक्क आहे आणि ज्याच्यावर शेतकऱ्यांची उधारी उभी आहे तो पैसा घेऊन तुम्ही टेबलावर बसलात. तुम्ही नंतर भरलंत, चांगलं केलंत, पण तेव्हा तुम्ही जिंकला होतात म्हणून भरता आलं. दहातल्या सात ट्रिपसारखी ती ट्रिप असती तर कुठून भरलं असतं?

म्हणून जानेवारीचं माझं स्पष्ट मत, जाऊ नका. होस्टच्या तिकिटावर तर नकोच. तुम्हाला गोवा आवडतो, मित्रांबरोबर जायला आवडतं, यात मला काही वाईट दिसत नाही, वर्षभर दुकान आणि उधारी सांभाळून माणूस थकतो. तर उन्हाळ्यात वहिनींना आणि मुलांना घेऊन मंगला एक्सप्रेसने जा, रूम स्वतःच्या पैशाने घ्या, एका संध्याकाळी बोटीवर जायचंच असेल तर घरखर्चातून बाजूला काढलेले, गेले तरी चालतील असे पैसे घ्या, पाचशे-पाचशे लावा, गर्दीच्या टेबलावर बसा कारण तिथे डाव कमी होतात, तासभर खेळा आणि उठा. त्या तासाला हिशेबाने पाचशेच्या आसपास जातील, त्याची गंमत वाटत असेल तर ती तुमची करमणूक. एटीएम कार्ड रूमवर ठेवून जा.

वहिनींना सगळे आकडे सांगा. दीड लाखाचं पण सांगा, ८०,००० चं पण सांगा. त्यांनी जे वाक्य तुम्हाला म्हटलं ते मी इथे आकडेमोड करून सिद्ध करत बसलोय, त्यांना ते न करताच कळलं होतं.

आणि एक विचारतो, रागावू नका. जानेवारीत जायचं नाही असं ठरवल्यावर आतून कासावीस होतंय का, गेलेले काढून आणायचे असा विचार रात्री येतो का, मित्रांना खरा आकडा सांगताना कमी सांगता का? यातलं एक जरी हो असेल तर १४४१६ वर फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, नाव सांगायची पण सक्ती नाही. जुगाराची सवय हा आजार म्हणून डॉक्टर लोक मानतात आणि त्यावर उपचार आहेत. जिनिंगवाल्या आणि केळीवाल्या भाऊंनाही हा नंबर द्या.

होस्टला एवढाच मेसेज करा की जानेवारीत जमत नाही. तो रागावणार नाही, फेब्रुवारीत परत फोन येईल, या वेळी वहिनींचं तिकीट पण देतो म्हणेल. तेव्हा फोन स्पीकरवर टाका, वहिनींना शेजारी बसवा, आणि त्याने ॲव्हरेजचा आकडा सांगितला की बिलबुकाच्या पाठीमागे लिहून त्याला ४२० ने गुणा आणि ३७ ने भागा. जो आकडा येईल तो वहिनींना वाचून दाखवा आणि मग त्याला उत्तर द्या.